वाचकांचे प्रश्न : आळ, आरोप आणि आरोपी

मागच्या अंकात जामिनावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेली पत्रं वाचायला बसले तर निम्म्याहून जास्त पत्रांत जामीन बाजूलाच राहिला होता, सगळे एकाच शब्दाभोवती फिरत होते, आरोप. कुणावर झालेला, कुणी केलेला, कुणाला करायचाय पण भीती वाटतेय. म्हणून या वेळी बाकीचे विषय ठेवले आणि हाच घेतला. नावं कुणाचीच दिलेली नाहीत, काही पत्रं थोडी छोटी केली आहेत.

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं नाव पतसंस्थेतल्या अपहाराच्या बातमीत आलं. एकाच बातमीत वर ‘संशयित’, खाली ‘आरोपी’ आणि फोटोखाली ‘गुन्हेगाराला अटक’ असं छापलंय. गावात तर सगळे त्याला चोरच म्हणायला लागलेत. मी म्हटलं अरे अजून काही ठरलं नाही, तर मलाच म्हणाले, सर, आग असल्याशिवाय धूर निघतो का? मला काय बोलावं सुचलं नाही. या शब्दांमध्ये खरंच फरक आहे का, की हा नुसता वकिली काथ्याकूट?

उत्तर : सर, फरक आहे आणि खूप मोठा आहे. तुम्ही भाषा शिकवलीय म्हणून शब्दापासूनच सुरू करते. आरोप या शब्दात रुह् धातू आहे, रुजणं, वाढणं, वर चढणं. रोप त्यातलंच, वृक्षारोपण त्यातलंच. आरोपण म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीवर नेऊन ठेवणं, चढवणं. तुम्ही वर्गात रूपक अलंकार शिकवताना म्हणाला असाल की इथे उपमेयावर उपमानाचा आरोप केलाय, म्हणजे मुख हे चंद्र नाही, कवीनं चंद्रपण त्याच्यावर ठेवलंय. वेदान्तात दोरीवर सापाचा अध्यारोप होतो तोही हाच. म्हणजे शब्दाच्या पोटातच लिहिलेलं आहे की ही गोष्ट त्या माणसाच्या आतून आलेली नाही, ती कुणीतरी बाहेरून आणून त्याच्यावर ठेवली आहे, ती तिथली आहे का नाही हे अजून बघायचंय. माझ्या मते या शब्दाची याहून चांगली व्याख्या कायद्याच्या पुस्तकातही सापडणार नाही.

रोजच्या बोलण्यात मात्र ठेवलेली गोष्ट चिकटलेली आहे असंच आपण धरून चालतो. आपल्याकडे शब्द तरी किती आहेत बघा, आळ घेणं, ठपका ठेवणं, बालंट येणं, बट्टा लागणं, आणि शेवटी कानफाट्या नाव पडलं की पडलं. यातला आळ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण त्याच्याबरोबर स्यमंतक मण्याची गोष्ट येते. सत्राजिताचा मणी हरवला, तो घालून गेलेला त्याचा भाऊ प्रसेन परत आला नाही, लोक कुजबुजायला लागले की कृष्णानंच काहीतरी केलं असणार. मग कृष्णाला स्वतः रानात जावं लागलं, आधी प्रसेनाचं प्रेत मग मेलेला सिंह असा माग काढत जांबवंताच्या गुहेपर्यंत, आणि मणी आणून सत्राजिताच्या हातात ठेवला तेव्हा कुठे आळ गेला. म्हणजे बोलणाऱ्यानं नुसतं बोलायचं आणि रान तुडवायचं ज्याच्यावर आळ आला त्यानं. गावात, नात्यात, ऑफिसात आजही हाच नियम चालतो.

फौजदारी कायदा हे उलटं करतो. तिथे रानात जायचं आरोप ठेवणाऱ्यानं, आरोपी जागेवर गप्प उभा राहिला तरी चालतं. पुराव्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तसंच आहे. (काही कायद्यांत याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ चेक बाऊन्सची केस किंवा मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पोक्सो कायदा, तिथे काही मूळ गोष्टी सिद्ध झाल्या की पुढचं ओझं आरोपीकडे सरकतं. पण ते अपवाद.)

आता तुमच्या विद्यार्थ्याची पायरी कुठली ते बघू. कुणीतरी पोलीस स्टेशनला जाऊन सांगतो, ते लिहून घेतात, तो झाला एफआयआर. पेपरात ‘गुन्हा दाखल’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं गुन्हा झाला आणि याच्या नावावर लागला, पण दाखल झालेली असते ती गुन्ह्याची खबर. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली तर पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये सांगितलं आहे, म्हणजे नोंद झाली याचा अर्थ पोलिसांना ती पटली असाही नाही. (नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आधी १४ दिवस प्राथमिक चौकशीची सोय आहे, पण तिथेही प्रश्न एवढाच असतो की पुढे जाण्यासारखं सकृद्दर्शनी काही आहे का.) एफआयआर हा स्वतः भक्कम पुरावाही नसतो, ज्यानं दिला त्यानं कोर्टात शपथेवर सांगावं लागतं, उलटतपासाला उभं राहावं लागतं.

मग तपास. मग पोलिसांचा अंतिम अहवाल, ज्याला पेपरवाले आरोपपत्र म्हणतात, आम्ही दोषारोपपत्र किंवा सरळ चार्जशीट म्हणतो. नाव भारदस्त असलं तरी ते तपास करणाऱ्याचं मत आहे, की आमच्या मते या माणसाविरुद्ध एवढा पुरावा आहे. आणि इथे एक गंमतीची नाही, महत्त्वाची गोष्ट, चार्जशीट आली म्हणजे कायद्याच्या भाषेतला आरोप ठेवला गेला असंही नाही. तो आरोप कोर्ट ठेवतं. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतात, कागद बघतात आणि त्यांना दाट संशय घ्यायला जागा दिसली तर ‘आरोप निश्चित’ करतात. त्यात कलम, गुन्ह्याचं नाव, कधी, कुठे, कुणाबाबत, हे सगळं लिहावं लागतं, नुसतं ‘याने पैसे खाल्ले’ असं चालत नाही, कारण माणसाला नक्की कशाचं उत्तर द्यायचंय हे कळल्याशिवाय तो उत्तर देणार कसं. गावातल्या आरोपाला तारीख नसते, जागा नसते, आणि म्हणूनच तो खोडता येत नाही.

आरोप निश्चित होताना काय होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. मी ज्युनिअर होते, सिनिअरची फाइल घेऊन मागे उभी. पिंजऱ्यात एक विशीतला मुलगा, मोबाईल चोरीची केस, हात मागे बांधून उभा. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, समजला का? तो म्हणाला हो. मान्य आहे का? तो म्हणाला हो. स्टेनोचे हात की-बोर्डवर थांबले. साहेबांनी चष्मा काढला आणि परत विचारलं, अरे, तू चोरी केलीस असं म्हणतायत, तू केलीस का? तर तो एकदम दचकून म्हणाला, नाही साहेब, मी कुठे केली, असा आरोप आहे हे मान्य आहे. साहेबांनी ‘गुन्हा नाकबूल’ लिहून घेतलं आणि खटला पुढे चालला. त्या मुलाला शब्दाचा अर्थ बरोबर कळला होता, आरोप आहे हे त्याला मान्य होतं, त्यानं फक्त तेवढंच सांगितलं होतं. दुसरे एखादे न्यायाधीश घाईत असते तर त्याच ‘हो’वर त्याला शिक्षा झाली असती हा विचार माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही, त्यामुळे आजही मी माझ्या प्रत्येक अशिलाला आदल्या दिवशी हे दोन प्रश्न वेगवेगळे करून समजावते.

आणि संशय कितीही दाट असला तरी तो आरोप ठेवायला पुरतो, शिक्षेला नाही. सुप्रीम कोर्टानं १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खून खटल्यात म्हटलंय की आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि आरोपी दोषी ‘असलाच पाहिजे’ यात लांबचं अंतर आहे. खटला म्हणजे ते अंतर चालणं. तोपर्यंत तो आरोपी, जेलमध्ये असला तरी कच्चा कैदी, आणि दोष सिद्ध झाला तर मग सिद्धदोष. गुन्हेगार हा शब्द तिथे, सगळ्यात शेवटी. फोटोखाली अटकेच्या दिवशी तो छापणं चूकच आहे.

‘संशयित आरोपी’ हा पेपरवाल्यांनी केलेला जोडशब्द आहे, कायद्यात तसं काही नाही. खरं तर आरोपी म्हणजे कोण याचीसुद्धा व्याख्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात दिलेली नाही, ना १९७३ च्या जुन्या संहितेत, ना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत. कोर्टांनी निकालांमधून ती बांधत आणली आहे.

तेव्हा सर, धुराबद्दल परत कुणी विचारलं तर त्यांना सांगा की धूर दिसला म्हणून बघायला जायचं असतं, घर जळालं असं सांगत सुटायचं नसतं. आणि शक्य झालं तर त्या मुलाला एकदा भेटून या. तो निर्दोष आहे का दोषी आहे हे तुम्हाला आणि मला माहीत नाही, पण त्याच्या शिक्षकानं त्याला नावानं हाक मारली याचा त्याला या दिवसांत फार आधार वाटेल.

प्रश्न : मी आमच्या हाऊसिंग सोसायटीचा चार वर्षं खजिनदार होतो, विनापगारी. गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मेंबरनं लिहिलं की रंगकामाचे पैसे मी खाल्ले. ऐंशी जणांचा ग्रुप. कुणी अंगठा दाखवला, कुणी ‘चौकशी झालीच पाहिजे’ लिहिलं, एकही जण म्हणाला नाही की आधी हिशोब तर बघू. बायको लिफ्टमधून जायचं टाळते आता. माझ्यावर हा जो आरोप झालाय तो कायद्यानं आरोप आहे का? मी त्याच्यावर केस करू शकतो का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. विनापगारी काम करणाऱ्यावर असा ठपका आला की दुसऱ्या दिवसापासून कुणी काम करायला पुढे येत नाही, हे मी बऱ्याच सोसायट्यांत पाहिलंय.

पहिला प्रश्न, फौजदारी कायद्यातला आरोप हा नाही. कारण तो अशा कुणाकडे केलेला नाही ज्याला त्याच्यावर काही कारवाई करायचा अधिकार आहे. तक्रार या शब्दाची कायद्यात जी व्याख्या आहे ती बघितलीत तर आश्चर्य वाटेल, मॅजिस्ट्रेटनं कारवाई करावी म्हणून मॅजिस्ट्रेटकडे तोंडी किंवा लेखी केलेलं कथन म्हणजे तक्रार. पोलिसांत दिलेला अर्जसुद्धा त्या काटेकोर अर्थानं तक्रार होत नाही, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुठून होणार.

पण म्हणून तो मोकळा सुटला असं नाही. ज्यानं माणसाची अब्रू जाईल असं विधान, तसा हेतू ठेवून किंवा तसं होईल हे माहीत असून, तिसऱ्यापर्यंत पोचवणं म्हणजे अब्रुनुकसानी. पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० कलमं होती, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही देता येते. यात पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, तुम्हाला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते, तीन वर्षांच्या आत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, त्याची मुदत मात्र एकच वर्ष आहे, ती चुकवू नका.

आता या कलमाला जे अपवाद आहेत त्यातला आठवा मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेनं केलेला आरोप ही अब्रुनुकसानी होत नाही. कायद्यात उदाहरणंही साधी दिली आहेत, मॅजिस्ट्रेटसमोर कुणावर आरोप करणं, नोकराच्या वागण्याबद्दल मालकाकडे तक्रार करणं, मुलाच्या वागण्याबद्दल वडिलांकडे तक्रार करणं. म्हणजे जे बोलायचं ते जिथे सोक्षमोक्ष लागू शकतो तिथे बोल, तुला संरक्षण आहे. तेच चारचौघांत बोललास तर तुझं तू बघ. तुमच्या त्या मेंबरनं कमिटीला लेखी दिलं असतं, ऑडिटरकडे मागणी केली असती, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला असता, तर तुम्हाला राग आला असता पण केस उभी राहिली नसती. उलट जाहीरपणे लिहिलेलं खरं असेल आणि लोकांच्या भल्यासाठी असेल तर त्याला तोही बचाव आहे, पण खरं आहे हे दाखवायची जबाबदारी त्याची.

मला विचाराल तर लगेच केस करू नका. आधी ग्रुपच्या त्या मेसेजचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घेऊन ठेवा, मूळ मेसेज फोनमधून डिलीट करू नका, फोन बदलू नका. मग कमिटीला एक पत्र द्या की रंगकामाची कोटेशन्स, बिलं, चेकची नोंद आणि त्या वर्षाचा ऑडिट रिपोर्ट सभेत ठेवा. त्या मेंबरला लेखी विचारा, कुठलं बिल, कुठली तारीख, किती रक्कम? तारीख आणि आकडा मागितला की हवेतला आळ आणि खरा आरोप लगेच वेगळे होतात. त्याच्याकडे आकडा असेल तर तुम्ही उत्तर द्या. नसेल तर त्याला ग्रुपवरच माफी मागायला सांगा, आणि नाही मागितली तर मग वकिलाची नोटीस. तोपर्यंत ग्रुपवर एकच मेसेज टाका, की मी सगळे कागद सभेपुढे ठेवतोय, आणि त्यानंतर कुणी काहीही लिहिलं तरी उत्तर देऊ नका. आणि वहिनींना सांगा, लिफ्टनं जा.

प्रश्न : मी खासगी कंपनीत आहे. माझे सिनिअर मला त्रास देतात, तो त्रास कुठल्या प्रकारचा ते तुम्हाला कळेल. साक्षीदार नाही, ते एकटं गाठूनच बोलतात. तक्रार केली आणि सिद्ध झाली नाही तर माझ्यावरच खोट्या आरोपाची केस होईल असं एका मैत्रिणीनं सांगितलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. आणि ही समजूत इतकी पसरली आहे की हे उत्तर मला जाड अक्षरात छापावंसं वाटतं. सिद्ध न झालेला आरोप आणि खोटा आरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, त्यात खोट्या तक्रारीवर कारवाईचं कलम आहे हे खरं, पण त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की नुसती तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही एवढ्यावरून ती कारवाई होण्याचं कारण नाही. तक्रार दुष्ट हेतूनं केली होती हे चौकशी करून वेगळं ठरवावं लागतं. फौजदारी कायद्यातही तसंच, भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ मध्ये खोटा आरोप करणाऱ्याला शिक्षा आहे, पण तिथे आपला आरोप निराधार आहे हे करणाऱ्याला माहीत असलं पाहिजे आणि दुसऱ्याला इजा पोचवायचा हेतू असला पाहिजे. तुम्हाला माहीत आहे की हे घडलंय. मग ते कलम तुम्हाला लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करतात तेव्हा ‘समरी’ पाठवतात, ए, बी आणि सी. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही. बी म्हणजे तक्रारच खोटी, मुद्दाम केलेली. सी म्हणजे गैरसमजातून झालेली, किंवा मामला मुळात दिवाणी, धड खरीही नाही धड खोटीही नाही. हे तीन वेगळे कप्पे केलेत यातच तुमचं उत्तर आहे. बी समरी आली तरी ती मॅजिस्ट्रेटनं मान्य करावी लागते आणि त्याआधी तक्रारदाराला नोटीस जाते, तिला म्हणणं मांडता येतं.

साक्षीदार नाही म्हणताय, तर अशा गोष्टींना साक्षीदार सहसा नसतोच आणि हे कंपनीत अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीलाही कळतं. आजपासून एका वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द लिहायला लागा. ज्या दिवशी घडलं त्या दिवशी ज्या मैत्रिणीला फोन केलात किंवा मेसेज केलात ते जपून ठेवा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुमचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही हे त्यांच्यावर कायद्यानं बंधन आहे. तक्रारीत ‘ते घाणेरडे आहेत’ असं लिहू नका, अमुक तारखेला अमुक वाजता अमुक म्हणाले असं लिहा.

आणि फिर्याद हा फारसी शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ मदतीसाठी मारलेली हाक. हाक मारायला आधी पुरावा लागत नाही. ऐकणाऱ्यानं बघायचं असतं.

प्रश्न : ‘क्लीन चिट मिळाली’, ‘दोषमुक्त केले’, ‘निर्दोष मुक्तता’, हे तिन्ही एकच ना?

उत्तर : तिन्ही वेगळे. क्लीन चिट हा शब्द कायद्यात कुठेच नाही, पेपर आणि टीव्हीचा आहे, कधी समरीला म्हणतात, कधी चौकशी अहवालाला, कधी मंत्र्याच्या बोलण्याला, त्यामुळे तो दिसला की नक्की कुठला कागद ते विचारा. दोषमुक्त म्हणजे डिस्चार्ज, म्हणजे आरोप निश्चित करण्याइतपतही पुरावा दिसला नाही म्हणून खटल्याआधीच सोडलं, पुढे नवा पुरावा आला तर प्रकरण परत उघडू शकतं. निर्दोष मुक्तता म्हणजे पूर्ण खटला चालून सुटका, आणि ती अपिलात फिरली नाही तर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही.

प्रश्न : पोलिसांचा फोन आला, ‘चौकशीला या’. कुठल्या केसमध्ये तेही सांगितलं नाही. मी आरोपी आहे का? गेलो तर जे विचारतील त्याचं उत्तर द्यावंच लागतं का?

उत्तर : फोनवरून काहीच ठरत नाही. शांतपणे विचारा, नोटीस लेखी द्याल का? कारण नोटीशीवरचं कलमच सांगतं तुम्ही कोण आहात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. (बाईमाणूस असेल, किंवा पुरुष १५ पेक्षा लहान किंवा ६० च्या वरचा असेल, तर त्यांना राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.) कलम ३५ ची नोटीस असेल तर तुमच्यावर संशय किंवा तक्रार आहे पण सध्या अटकेची गरज वाटत नाही, अशी नोटीस मिळाली तर हजर राहायचंच, नाही राहिलात तर तेच अटकेचं कारण होतं.

उत्तर द्यायचं तर खरंच द्यायचं, पण ज्या उत्तरानं तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते द्यायला तुम्ही बांधील नाही. राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदात लिहिलंय की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही, आणि एफआयआरमध्ये नाव आलं की हे संरक्षण सुरू होतं असं सुप्रीम कोर्टानं १९५४ मध्येच म्हटलंय. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना यात येत नाही, ते द्यावे लागतात. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही लागत नाही, मागितली तर वकिलाशी बोलतो म्हणा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण म्हणून तिथे काहीही बोलून या असं कृपा करून समजू नका. एकटे जाऊ नका.

प्रश्न : मी सरकारी नोकर. फौजदारी केसमधून निर्दोष सुटलो, तरी खात्याची चौकशी चालूच आहे, त्यांनी वेगळं आरोपपत्र दिलंय, निलंबनही केलंय. एकाच गोष्टीसाठी दोनदा आरोप कसा?

उत्तर : शब्द एकच वापरतात म्हणून हा घोळ होतो. खात्याच्या आरोपपत्रात प्रश्न असतो की तुम्ही नोकरीचे नियम मोडलेत का, कोर्टात प्रश्न होता तुम्ही गुन्हा केलात का. कोर्टाला वाजवी शंका उरता कामा नये, खात्याला मात्र कुठली बाजू जास्त संभाव्य वाटते एवढं पुरतं. त्यामुळे दोन्ही चालू शकतात आणि कोर्टातून सुटलात म्हणून खात्याची चौकशी आपोआप संपत नाही. पण तेच साक्षीदार, तेच कागद असतील आणि कोर्टानं नुसता संशयाचा फायदा न देता घटना घडलीच नाही असं म्हटलं असेल तर त्या निकालाला वजन आहे. निकालाची प्रमाणित प्रत काढा, त्यातले ते परिच्छेद अधोरेखित करा आणि चौकशी अधिकाऱ्याकडे अर्जासोबत जोडून पोच घ्या. निलंबनाचं म्हणाल तर ती शिक्षा धरत नाहीत, निर्वाह भत्ता मिळायला हवा, मिळत नसेल तर आधी तो अर्ज करा.

प्रश्न : नोकरीच्या फॉर्मवर विचारलंय की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. कॉलेजात असताना भांडणाची केस होती, सुटलो. लिहू का नको?

उत्तर : लिहा. प्रश्न नीट वाचा, ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलं असेल तर उत्तर नाही, ‘गुन्हा दाखल झाला होता का’ असेल तर उत्तर हो, आणि त्यापुढे कोर्टाचं नाव, केस नंबर, निकालाची तारीख आणि निर्दोष मुक्तता. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अशा फॉर्मवर बरंच सविस्तर लिहिलंय, किरकोळ जुनी केस असेल तर मालकानं सारासार विचार करावा असं आहे, पण लपवलं हे उघड झालं तर तेवढ्यावरूनही नोकरी जाऊ शकते. निकालाची प्रत सोबत जोडा आणि भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.